कोपराचा अस्थिभंग आणि जीवदया



सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावरून जीवदयेचा विषय निघावा यात नवल काहीच नाही. मात्र बहुतेक वेळा हा विषय चारा, पाणी आणि पाखरांच्या दाण्यापाशी येऊन विसावतो. आजच्या भाषणाचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. कुत्र्याच्या पुढच्या पायाचे कोपर मोडले, तर ते कसे सांधले जाते, आणि ते वेळेत सांधले गेले नाही तर त्या मुक्या जीवाच्या वाट्याला काय येते, एवढाच तो विषय आहे. विषय लहान असला तरी त्याचा संबंध जीवदयेच्या एका मोठ्या प्रश्नाशी येतो. तो प्रश्न यथावकाश पुढे येईलच.

प्रथम कोपर म्हणजे नेमके कोणते, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. कुत्र्याच्या पुढच्या पायाला मध्यावर जो वाक दिसतो, त्याला आपल्याकडे सर्रास गुडघा म्हणतात. वस्तुतः तो त्याचा मनगटाचा सांधा होय. कोपर त्याच्या बरेच वर, छातीच्या कडेला टेकलेले असते. दंडाचे एक हाड वरून येते आणि पुढील हाताची दोन हाडे खालून येऊन त्याला मिळतात. अशा तीन हाडांचा हा सांधा बिजागरीसारखा उघडतो आणि मिटतो. निरोगी लॅब्राडॉर कुत्र्यात ही बिजागरी साधारण ३६ अंशांपासून १६५ अंशांपर्यंत फिरते. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे प्रत्येक पावलाला हा भार या लहानशा सांध्यातून जमिनीवर उतरतो.

दंडाच्या हाडाचे खालचे टोक रुंद होऊन त्याला आतल्या आणि बाहेरच्या बाजूस दोन उंचवटे येतात. शल्यविशारद त्यांना कॉन्डाइल म्हणतात. निसर्गाच्या रचनेत येथे एक उणीव राहून गेली आहे. आतला उंचवटा हाडाच्या सरळ रेषेत असून भक्कम आहे. बाहेरचा उंचवटा त्या रेषेच्या किंचित बाहेर पडतो, आणि त्याला वरच्या हाडाशी जोडणारी हाडाची कड बारीक आहे. शिवाय खालून येणारा धक्का पुढील हाताच्या ज्या हाडातून वर चढतो, ते हाड नेमके या कमकुवत बाहेरच्या उंचवट्यावर टेकलेले असते. परिणामी कुत्र्याच्या कोपराच्या अस्थिभंगांत बाहेरचा उंचवटा सुटून येणे हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. आतला उंचवटा एकटा मोडणे क्वचितच घडते.

हा अपघात सर्वाधिक होतो तो साधारण चार महिन्यांच्या पिल्लांत. त्यास मोटारगाडी लागते असे नाही. लहान मूल पिल्लाला कडेवर घेते, पिल्लू वळवळते, निसटते आणि पुढच्या पायांवर फरशीवर आदळते. सोफ्यावरून किंवा पलंगावरून मारलेली उडीही पुरेशी होते. पिल्लू एकदा किंचाळते, पाय वर धरते आणि मग तीन पायांवर उभे राहते. घरची मंडळी म्हणतात, मुरगळला असेल, हळद-तेल लावू, दोन दिवस पाहू. ते दोन दिवस ज्या कारणाने मोलाचे आहेत, ते कारण समजून घेणे आवश्यक आहे.

हाड मधोमध मोडले आणि किंचित वाकडे जुळले, तर कुत्रा किंचित वाकडा चालेल, पण चालेल. सांध्यातून गेलेल्या अस्थिभंगाला ही सवलत नाही. सांध्याच्या आतील पृष्ठभागावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एकदा झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. सुटलेला तुकडा जर थोडासाही वर-खाली जुळला, तर तेथे पायरी तयार होते. मग प्रत्येक पावलाला ती पायरी समोरच्या कूर्चेला घासते, आणि काही महिन्यांतच संधिवात सुरू होतो. चौकटीचे कापड शिवताना शिवणीवर चौकट चुकली तर सदरा टाकाऊ ठरत नाही, फक्त दिसायला वाईट दिसतो. येथे चौकट चुकली तर सदराच नित्य अंगाला टोचत राहतो, आणि तो काढून ठेवण्याची सोय नसते.

प्लास्टर घालून चालणार नाही काय, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाच्या मनात येईल. उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. पुढील हाताचे स्नायू सुटलेल्या उंचवट्याला सतत ओढत असतात, आणि कोपर छातीजवळ इतके वर आहे की प्लास्टर त्याला घट्ट धरूच शकत नाही. तशातही ते बांधून ठेवलेच, तर तुकडा सरकलेलाच राहतो आणि सांधा मात्र आखडतो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. त्याहून वाईट म्हणजे कोपराच्या खालीच संपणारी पट्टी किंवा बांबूची कामटी. ती आधार देत नाहीच, उलट लोंबत्या वजनासारखी मोडलेल्या जागेला हेलकावे देते. सद्हेतूने बांधलेल्या अशा पट्ट्यांनी पुष्कळ नुकसान झालेले आहे.

तेव्हा मार्ग उरतो शस्त्रक्रियेचा. प्राण्याला पूर्ण भूल दिली जाते आणि शल्यविशारद कोपराच्या बाहेरील बाजूस छेद घेतात. स्नायू बाजूला सारून मोडलेल्या कडेची रेषा उघडी करतात. सांध्यातील रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढतात. मग सुटलेला तुकडा मूळ जागी बसवून दोन्ही उंचवटे चिमट्याने एकमेकांवर घट्ट दाबून धरतात. सांध्याचा पृष्ठभाग अखंड झाला की नाही, हे आधी डोळ्यांनी आणि नंतर एक्स-रेने तपासले जाते. यात तडजोड चालत नाही. दंडाच्या बाहेरील बाजूने पंजा ताणणाऱ्या स्नायूंकडे जाणारी एक मोठी मज्जातंतू वाहिनी याच परिसरातून उतरते, म्हणून छेद वरच्या बाजूस वाढवताना हात फार जपून चालवावा लागतो.

यानंतर जो स्क्रू बसवला जातो, त्याची युक्ती व्यापारी माणसालाही आवडावी अशी आहे. स्क्रू बाहेरच्या तुकड्यातून शिरून आतल्या उंचवट्यात जातो. समजा तो साडेतीन मिलीमीटर जाडीचा आहे. तर बाहेरच्या तुकड्यातील छिद्र पूर्ण साडेतीन मिलीमीटरचे पाडतात आणि आतल्या भागातील छिद्र केवळ अडीच मिलीमीटरचे. बाहेरच्या तुकड्यात स्क्रूचे आटे कोठेही अडकत नाहीत, तो तेथून नुसता सरकत जातो. आतल्या भागात मात्र आटे हाडाला धरतात. स्क्रू आवळत गेले की त्याचे डोके बाहेरच्या तुकड्याला आतल्या भागाकडे खेचते आणि दोहोंमधील फट दाबाने मिटते. दोन्ही छिद्रे सारखीच पाडली असती तर दोन्ही बाजूंना आटे धरले असते आणि फट जशीच्या तशी राहिली असती. केवळ एक मिलीमीटरच्या फरकावर सारे कार्य उभे आहे. परंतु एकट्या स्क्रूभोवती तुकडा फिरू शकतो. तो फिरू नये म्हणून बाहेरच्या बारीक कडेतून वर दंडाच्या हाडात एक गुळगुळीत तार घालतात. ही तार किर्शनर या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी ती १९०९ मध्ये प्रचारात आणली. मोठ्या, वजनदार कुत्र्यात तारेऐवजी लहान प्लेट बसवणे अधिक सुरक्षित ठरते.

वाढत्या पिल्लात आणखी एक दक्षता असते. हाडाच्या टोकाजवळ वाढीचा एक नाजूक थर असतो आणि हा अस्थिभंग त्या थराला छेदूनच सांध्यात उतरतो. लहान मुलांतील अशा अस्थिभंगांचे वर्गीकरण टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये केले, आणि पशुवैद्यक आजही तेच वापरते. पिल्लाच्या कोपराचा हा प्रकार त्यात चौथ्या क्रमांकावर येतो. मुख्य स्क्रू वाढीच्या थराला समांतर असल्याने त्याला इजा करीत नाही, आणि थर ओलांडणारी तार गुळगुळीत असल्याने वाढ अडवीत नाही. शिवाय दंडाच्या हाडाची बहुतांश वाढ वरच्या, खांद्याकडील टोकाला होत असल्याने पाय आखूड राहण्याची भीती थोडी असते.

माणसासाठी शोधलेली विद्या येथे प्राण्याच्या कामी आली आहे. सांध्यातील तुकडे अचूक जुळवा, दाबाने घट्ट करा आणि सांधा लवकर हलवू द्या, ही तत्त्वे पद्धतशीरपणे रुजवली ती १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या मॉरिस म्युलर आदी शल्यविशारदांच्या गटाने. एओ या नावाने तो जगभर प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये त्याची पशुवैद्यकीय शाखा निघाली. आज मुंबईतील किंवा पुण्यातील पशुशल्यविशारद जो स्क्रू वापरतो, त्याची परंपरा तेथपर्यंत जाते.

आता वेळेविषयी. ही शस्त्रक्रिया पहिल्या एक-दोन दिवसांत झाली तर उत्तम. पाच-सात दिवस उलटले की तुकड्यांच्या कडांवर नवे तंतू आणि कोवळे हाड जमू लागते, स्नायू आखडतात, आणि ज्या कडा पहिल्या दिवशी हातासरशी बसल्या असत्या त्या खरवडून काढाव्या लागतात. पिल्लांचे हाड झपाट्याने भरते, हा एरवीचा आशीर्वाद येथे अडचण होतो. तीन आठवड्यांनी आणलेल्या पिल्लाचा तुकडा चुकीच्या जागी जवळजवळ पक्का झालेला असतो.

उशिराची किंमत साधनसंपन्न माणसालाही चुकत नाही. कै. रतन टाटा यांनी आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेले होते. परंतु तोवर उशीर झालेला होता आणि तेथील डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा गोठवावा लागला, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्टच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयामागे हा अनुभव होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. सांधा गोठवणे हा कोपराच्या बाबतीतही शेवटचा उपायच होय. वेदना थांबते, पण सांधा कायमचा ताठ राहतो. दुसरा शेवटचा उपाय म्हणजे पाय काढणे. तीन पायांवर कुत्रा आश्चर्यकारकरीत्या बरा चालतो, हे खरे आहे, आणि ज्याचा सांधा पूर्ण बिघडला आहे त्याला तो दिलासाच ठरतो. पण चार महिन्यांच्या पिल्लाला वेळेवरच्या एका स्क्रूअभावी तेथे पोहोचवणे यास दुर्दैव म्हणता येणार नाही.

सर्वच अस्थिभंग इतके सरळ नसतात. दोन्ही उंचवटे एकमेकांपासून आणि वरच्या हाडापासून सुटले, म्हणजे मोडीची आकृती इंग्रजी वाय अक्षरासारखी झाली, तर दोन्ही बाजूंनी छेद घेऊन प्लेटा बसवाव्या लागतात. तेथे निष्णात हातांनाही यशाची खात्री देता येत नाही. कोपराचे मागचे टोक तुटले तर दंडामागचा स्नायू ते टोक वर खेचून नेतो. तेथे दोन तारा आणि आठच्या आकड्यासारखा फास घालून त्या स्नायूच्या ओढीचेच दाबात रूपांतर करतात. खालच्या एका हाडाचा भंग आणि दुसऱ्याचे टोक सांध्यातून निखळणे, असा जोडप्रकारही कुत्र्यांत आढळतो. मिलानचे शल्यविशारद मोंतेज्जिया यांनी १८१४ मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, माणसात त्याचे वर्णन केले होते.

स्पॅनियल कुत्री पाळणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पिल्लाच्या जन्मानंतर दोन्ही उंचवटे वेगवेगळ्या केंद्रांतून हाड बनत जातात आणि साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास एकजीव होतात. काही स्पॅनियलांत त्यांच्यामध्ये बारीक चीर आढळते. असा कुत्रा वर्षानुवर्षे धावतो, कधी किंचित लंगडतो, आणि एके दिवशी साध्या चालण्यातही त्याचे कोपर मोडते. अशा कुत्र्याच्या दुसऱ्या कोपराचीही तपासणी अवश्य करावी, कारण चीर बहुधा दोहोंकडे असते. साध्या एक-रेत ती निसटू शकते, सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते.

आता तो मोठा प्रश्न. शस्त्राने चिरणे, हाडाला भोक पाडणे, हे अहिंसेच्या उपासकाने कसे मान्य करावे? काही श्रावकांना हा संकोच प्रामाणिकपणे वाटतो. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसेचे मूळ रागादी भावांच्या उत्पत्तीत दाखविले आहे. वेदना शमविण्याच्या भावनेने, भूल देऊन, सावध हाताने घेतलेला छेद त्या व्याख्येत बसत नाही. परंतु त्याच ग्रंथातील दुसरी आज्ञा या विषयाला अधिक भिडते. अतिदुःखी जीव लवकर दुःखमुक्त होईल, अशा समजुतीनेही त्याला मारू नये, असे तेथे सांगितले आहे. पाश्चात्त्य देशांत बेवारस जखमी कुत्र्याला इंजेक्शन देऊन शांत करण्याचा मार्ग सर्रास स्वीकारला जातो. जैन समाजाने तो मार्ग बंद केलेला आहे. मग त्या जीवाला पुढची दहा-बारा वर्षे जगायचे आहे, हे निश्चित. ती वर्षे घासणाऱ्या सांध्यावर काढायची की चार पायांवर, हे ठरविण्याची जबाबदारी मार्ग बंद करणाऱ्यांवरच येते. नुसते जगू दिले म्हणजे ती पूर्ण होत नाही.

या बाबतीत इतिहास मोठा बोलका आहे. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम बजावला आणि दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. त्यावरून शहरात दंगल उसळली, पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर १८३४ मध्ये पुढे सर झालेले जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. आज पांजरपोळ म्हटले की डोळ्यांसमोर गाय येते, पण त्या पांजरपोळीचा जन्म कुत्र्यांमुळे झाला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्या काळी निवारा आणि अन्न हेच शक्य होते. भूलशास्त्र नव्हते, एक्स-रे नव्हता. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय निघाले आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. निवाऱ्याच्या जोडीला चिकित्सा आली.

ज्या संस्था आज जीवदया निधी बाळगतात, त्यांनी औषधदानाच्या या अंगाकडे पाहावे, ही नम्र सूचना अस्थानी ठरू नये. प्रत्येक गावी शस्त्रक्रियागृह बांधणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. कोपराची शस्त्रक्रिया रोज करणारे हात मोजकेच असतात, आणि अनुभवी हातांकडेच हे काम जावे. गावाला हवे आहे ते वेगळेच. पहिल्या दिवशी दोन बाजूंनी एक्स-रे, त्याच दिवशी शल्यविशारदाशी बोलणे, प्राण्याला तेथवर नेणारे वाहन, आणि कोणाच्याही मालकीचा नसलेल्या पिल्लाचे बिल भरण्यासाठी सभेची वाट न पाहता वापरता येईल अशी रक्कम. देणगीदाराच्या नावाची फरशी दवाखान्याच्या भिंतीत बसवता येते, कुत्र्याच्या कोपरातील स्क्रूवर नाव कोरता येत नाही. अशा निधीला पैसे कमी जमतात त्याचे एक कारण कदाचित हेही असेल.

रस्त्यावर जखमी कुत्रा आढळला तर काय करावे, याविषयी थोडे. वेदनेने व्याकूळ प्राणी ओळखीच्या माणसालाही चावतो. म्हणून मऊ सुती कापडाच्या पट्टीने तोंड सैलसर बांधावे, मात्र त्याला श्वासाचा त्रास किंवा उलटी होत असेल तर बांधू नये. पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. फळीवर किंवा घट्ट धरलेल्या चादरीवर घेऊन न्यावे. घरातील वेदनाशामक गोळी कदापि देऊ नये. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गिधाडांचा संहार झाल्यामुळे डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्येच बंदी आली, हेही येथे स्मरावे. गाडीने धडकलेल्या कुत्र्याची छाती आधी तपासली जाते. फुप्फुसांना मार असेल तर भूल एक-दोन दिवस पुढे ढकलावी लागते, आणि तो विलंब योग्यच असतो.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी अर्धे काम बाकी असते, आणि ते घरी होते. पिल्लाला आठवड्याभरात बरे वाटू लागते, आणि तेथूनच धोका सुरू होतो. ते धावू पाहते, उड्या मारू पाहते, तर हाड अजून कच्चे असते. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे उडी नाही, जिना नाही, गुळगुळीत फरशी नाही. लघवी-शौचासाठी पट्टा बांधूनच बाहेर न्यायचे. पण सांधा मुळीच न हलवणेही चुकीचे, म्हणून डॉक्टर शिकवतात त्याप्रमाणे दिवसातून काही वेळा कोपर हळुवारपणे मिटवायचे आणि उघडायचे. टाक्यांची जागा चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची झालर घालायची. सूज वाढली, पाणी आले, किंवा टेकू लागलेला पाय पुन्हा उचलून धरला, तर तत्काळ दाखवायचे, कारण जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि स्क्रू ढिला होऊ शकतो. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून हाड सांधल्याची खात्री करतात. स्क्रू त्रास देत नसेल तर तो आयुष्यभर तसाच राहू देतात. उत्तम जुळलेल्या सांध्यातही पुढे एक्स-रेत थोडा संधिवात दिसतो, मात्र बाहेरच्या उंचवट्याचा साधा भंग वेळेत बसवला असेल तर बहुतेक पिल्ले चांगली चालतात.

बेवारस पिल्लाच्या बाबतीत हे सहा आठवडे सर्वांत अवघड. शस्त्रक्रियेचा खर्च देणारा दाता मिळतो, पण पिल्लाला जिन्याखाली बांधून, दिवसातून चार वेळा पट्ट्याने बाहेर नेणारे घर मिळत नाही. रस्त्यावर परत सोडले तर पहिल्याच भांडणात स्क्रू निखळतो. त्यामुळे शल्यविशारद अशा पिल्लाला भूल देण्यापूर्वी एकच गोष्ट विचारतात, याला सहा आठवडे ठेवणार कोण?

जय जिनेंद्र!